पाणी 'रोखलं' की 'अडवलं'?

धागाकर्ता: हल्ली बातम्यांत सगळंच 'रोखतात'. धरणाने पाणी रोखलं, पूर रोखला, रक्तस्राव रोखला, गळती रोखली. वाहत्या गोष्टीला मराठीत एकच क्रियापद कधीच पुरलेलं नाही हो. पाणी अडवतात, पूर थोपवतात, रक्त थांबवतात, रडू आवरतात आणि गटार आपलं आपण तुंबतं. रोखतात ती बंदूक, नाहीतर नजर. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर आहे, तिथे 'रोखा' घालून वाचून बघा, कसं वाटतं.

ठाणेकर: नाही पटलं. श्वास रोखून धरणे मग काय हिंदी आहे? एका शब्दाला दोन अर्थ असतात, बंदूक रोखतात म्हणून पाणी रोखायचं नाही असं कुठाय. आणि अडवणे म्हटलं की मला तरी अडवणूकच आठवते, नाक्यावर गाडी अडवली, फीसाठी दाखला अडवून ठेवला. धरण चांगलं काम करतंय, त्याला हा शब्द कशाला?

वारणाकाठ: शेतात या दोन्हीतलं काहीच बोलत नाहीत. आमच्याकडे दारं धरतात. सरी भरत आली की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बांधायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं, लाईट रात्री आली तर रात्री जायचं. वरच्याने पाटाचं पाणी अडवलं म्हटलं की भांडण झालं समजा, आणि 'पाणी तोडलं' त्याहून वाईट. उलट पावसाळा संपल्यावर कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घातले की 'पाणी तुंबलं' म्हणतात ते खुशीत, कारण मागे पाण्याला फुगवटा येतो आणि पाणी उपसायच्या मोटारी चालतात.

ठाणेकर: बघा, म्हणजे अडवणे वाईटच!

धागाकर्ता: कुणाचं अडवलं त्यावर आहे ना ते. आपल्या ओढ्यावर बांध घालून अडवलं तर खालच्या विहिरींना पाणी येतं, शेजाऱ्याचं अडवलं तर मारामारी.

सदाशिव पेठ: थोपवणे मात्र कुणी हलवू नका. १९६१ च्या जुलैत पानशेत धरण खचायला लागलं तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, १२ तारखेला धरण फुटलंच, पण मधले काही तास मिळाले. तिथे 'पाणी रोखलं' लिहिलं तर चक्क खोटं होईल, त्यांनी ते थोपवून धरलं, जोर लावून आणि जमेल तेवढा वेळ.

ठाणेकर: थोपवणेचं पटलं, त्याला बदली शब्द नाही. पण 'गळती अडवली' असं कोण म्हणतं सांगा? तिथे रोखलीच म्हणावं लागतं.

वारणाकाठ: काही लागत नाही, आमचा प्लंबर 'लिकेज काढलं' म्हणतो.