रस्टमध्ये सगळं पुन्हा लिहायचं कशाला?

'जुनं सगळं सॉफ्टवेअर रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहा, बग संपतील' असा सल्ला एकानं दिलाय. भाऊ, थोडं दमानं.

गार्बेज कलेक्टरशिवाय (म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेशिवाय) मेमरीच्या चुका कंपाइल करतानाच, प्रोग्राम चालायच्या आधी, पकडणं हे रस्टचं मोठंच काम आहे, मान्य. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी मेमरीच्या असल्याचं सांगितलं, पण ते मुख्यतः सी आणि सी प्लस प्लस या भाषांचं दुखणं, तिथं मेमरी प्रोग्रामरच हातानं सांभाळतो. आमच्या हिंगणघाटकडं जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर पीएचपी या वेबच्या भाषेत असलं, तर तिथं मेमरी हातानं सांभाळतो कोण? तिथले घोळ वेगळेच. भरल्या गाडीचं वजन झालं, रिकामीचं व्हायच्या आधी लाइन गेली, पावती अर्धवट. किंवा ओलावा ८ टक्क्यांवर निघाला आणि कपात दोनदा लागली. त्यावर कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) काही बोलत नाही, शेतकरी बोलतो (आणि चांगलंच बोलतो).

लिनक्सनंही २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, रस्टला जागा दिली, ती नव्या ड्रायव्हरांसारख्या (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामांसारख्या) कामासाठी. जुनं सी उकरून काढलं नाही.

काट्याच्या सिरियल पोर्टवरून (काटा कॉम्प्युटरला जोडायच्या जागेवरून) आकडा वाचणारा तुकडा सीमध्ये असेल, तर तेवढा घ्या रस्टमध्ये. फक्त कापसाच्या सीझनमध्ये नको.