शिक्षा भोगून होते, पण गुन्ह्यामागचा विचार बदलतो का?

अरुणोदय:
"त्यानेच मला भडकवलं." "श्रीमंत माणूस आहे, त्याचं काय बिघडणार?" "सगळेच खातात, मी एकट्यानेच काय केलं?" साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अशा सबबींचे प्रकार मांडले. त्यांचा मुद्दा असा की ही नुसती मागाहून केलेली सारवासारव नसते. मन सबब आधीच तयार ठेवतं, म्हणून हात उचलणं सोपं जातं. माणूस तुरुंगात वर्षानुवर्षं काढतो आणि सबब मात्र शाबूत राहते, उलट बराकीत तिला दाद मिळते.

म्हणून शिक्षेच्या काळातच या विचारांवर काम व्हायला हवं. प्रवचनं नकोत. एकेक प्रसंग घेऊन गटात बसायचं: राग कुठे चढला, त्या क्षणी डोक्यात काय आलं, वेगळं काय करता आलं असतं? मग ते वेगळं वागणं तिथेच करून बघायचं. अशा उपक्रमांच्या ५८ अभ्यासांचा एकत्र आढावा २००७ मध्ये निघाला. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण सरासरी १०० मागे ४० वरून ३० वर आलेलं दिसलं.

कातळ:
अजिबात पटलं नाही. इंग्लंडच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी असाच मोठा कार्यक्रम बरीच वर्षं चालला. २०१७ च्या मूल्यमापनात तो केलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न केलेल्या तुलनेच्या गटात ८ टक्क्यांनी. कार्यक्रम बंद करावा लागला. गटात बसून माणूस बदलतोच असं नाही, कधी कधी तो फक्त पश्चात्तापाची भाषा शिकतो आणि पॅरोलच्या वेळी तीच बोलून दाखवतो. ज्याच्यावर वार झाला त्याने या भाषेवर विसंबायचं?

ओंजळ:
तुम्ही दोघंही माणसाच्या डोक्यातच अडकलात. लायबेरियात मन्रोव्हियामध्ये चोऱ्यामाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या ९९९ तरुणांवर प्रयोग झाला. काहींना आठ आठवडे विचार-वर्तनाचं प्रशिक्षण, काहींना २०० डॉलर, काहींना दोन्ही. वर्षभराने ठळक फरक टिकला तो दोन्ही मिळालेल्यांत, आणि दहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही. नुसतं प्रशिक्षण विरत गेलं, नुसते पैसेही. बाहेर पडल्यावर जगायला काहीच नसेल तर नवा विचार किती दिवस तग धरेल?

अरुणोदय:
ओंजळ, मान्य. प्रशिक्षणाला रोजगाराची जोड हवीच. पण नुसत्या पैशाने भागलं नाही, हेही त्याच प्रयोगात दिसलं.

कातळ, इंग्लंडचं अपयश खरं आहे आणि ते झाकू नये. पण त्यावरून सगळंच मोडीत काढता येत नाही. २००७ च्या त्याच आढाव्यात जास्त धोकादायक गुन्हेगारांवर परिणाम जास्त दिसला, आणि जिथे उपक्रम काटेकोरपणे राबवला तिथेही. ज्यांना आपण 'हे सुधारणार नाहीत' म्हणून आधी सोडून देतो, त्यांच्यावरच मेहनत घ्यायला हवी. अर्धवट प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती असा गट सोपवणं मलाही धोक्याचं वाटतं.

कातळ:
धोकादायक गुन्हेगारांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी माझा विरोध कायम, निदान एवढं होईपर्यंत: गटातली हजेरी आणि तिथली गोड उत्तरं सुटकेच्या निर्णयात धरू नका. सवलतीचं आमिष नसताना किती जण येऊन बसतात ते आधी दिसू दे. आणि उपक्रम यशस्वी झाला की नाही हे चालवणाऱ्यांनी ठरवायचं नाही, बाहेरच्या तपासनिसांनी सुटलेल्यांचा काही वर्षं माग ठेवून ठरवायचं.