नेदरलँड्स: सिंटरक्लाससाठी बूट कधी आणि कुठे ठेवायचा?

प्रश्न: मुलगी इथल्या शाळेत जाते. सिंटरक्लास (मुलांना भेटी देणारा, सांताक्लॉजसारखा इथला म्हातारा) रात्री बुटात खाऊ ठेवतो म्हणतात, तर बूट कधीपासून ठेवायचा? बूट शेकोटीपाशी ठेवतात, पण घरात शेकोटी नाही.

उत्तर १: ११ नोव्हेंबरनंतरच्या शनिवारी सिंटरक्लास बोटीने येतो, त्यानंतरच. रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. नाहीतर ५ डिसेंबरच्या भेटींची मजाच जाते. बुटात त्याच्या घोड्यासाठी गाजर, झोपण्याआधी एक गाणं. रात्री गाजर काढून मूठभर पेपरनोटन (छोटी मसालेदार बिस्किटं) आणि एक संत्रं ठेवा. ते गाजर परत फ्रिजमध्ये नको, मुलं बरोब्बर ओळखतात!

उत्तर २: बूट दाराशी ठेवा. हीटरजवळ चॉकलेटचं अक्षर (मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर, भेट म्हणून देतात ते) वितळतं. भावंडं असतील तर काळजी नको, ‘आय’ (I) हे बारीक अक्षर जाड ओततात, वजन सगळ्या अक्षरांचं सारखंच.

उत्तर ३: बुटात खाऊ आई-बाबाच ठेवतात हे गुपित मोठ्याला कळलं असेल तर धाकट्यांसाठी ते जपायचं काम त्यालाच द्या.