लातूरहून एका दिवसात: लेकरांना कुठं न्यावं?

विषय: डिसेंबरात लातूर, मुलांना एक दिवस कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे लातूरला सासरी चाललो आहोत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. जूनमध्ये इथल्या मराठी मंडळाबरोबर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या होली आयलंडला जाऊन आल्यापासून दोघांना बेटांचं वेड लागलंय. ओहोटीला रस्ता उघडतो, भरती आली की तोच रस्ता पाण्याखाली जातो आणि अडकलेल्यांसाठी खांबांवर एक खोपटं उभं आहे, हे धाकटा भेटेल त्याला सांगत सुटतो. आता रोज एकच प्रश्न: आजीच्या गावाला बेट आहे का?

मी रत्नागिरीची, त्यामुळे मला पहिलं आठवलं ते मुरूड-जंजिरा. सासूबाईंना फोनवर म्हटलं, "आई, मुलांना मुरूड दाखवायचंय." त्या म्हणाल्या, "त्यात काय, अर्ध्यापाऊण तासात जाऊन पोचू. पण मुरूडला बघण्यासारखं काय आहे गं?" त्यांच्या डोळ्यांपुढे लातूर जिल्ह्यातलं मुरूड होतं.

जंजिऱ्याला लातूरहून जायचं म्हणजे दहा तास जायला, दहा तास यायला. सासऱ्यांना एवढं बसवत नाही, आणि त्यांना घरी ठेवून जाणं मला बरं वाटत नाही. समुद्र नाही हे मान्य. पण सकाळी निघून रात्री जेवायला घरी, आजी-आजोबांना घेऊन, असं काही सुचवाल का? नवरा म्हणतो, "आमच्याकडे काय आहे बघायला?" हे त्याचं नेहमीचंच.

मूळ रत्नागिरी, सासर लातूर, मुक्काम न्यूकॅसल

---

उत्तर: डिसेंबरात लातूर…

ताई,

मी धाराशिवची. भाऊजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, तेरला शेवटचं कधी गेला होता? आमच्याकडे काय आहे, हे आमचीच माणसं म्हणतात याचं मला फार वाईट वाटतं. दुष्काळ, टँकर आणि शिकवणीचे क्लास एवढंच आमच्या नावावर लागलंय.

त्याच मुरूडवरून पुढं जा. मुरूड, ढोकी आणि मग तेर. लातूरहून दीड तास धरा. तेरणा नदीच्या काठावरचं साधं गाव आहे, पण तुमच्या लेकरांच्या समुद्राची गोष्ट तिथंच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेली प्रवासाची माहिती आपल्याकडे 'पेरिप्लस' म्हणून ओळखली जाते. त्यात दोन गावं आहेत: पैठण आणि तगर. तगर म्हणजे आपलं तेर. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. इथलं कापड, जाडंभरडं आणि तलम मलमलही, गाड्यांवर लादून धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं आणि तिथून गलबतांवर चढायचं. तुमच्या मुलीला नकाशा आवडत असेल तर तिला बोटानं तो रस्ता काढायला सांगा.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. या माणसानं आयुष्यभर गावातून, शेतातून, नदीकाठच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, एकेक वस्तू गोळा केली. मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी, हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. ती नीट बघा. इटलीत पाँपेई शहर सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तिथं उकरताना अशाच वळणाची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. आणि मुख्य म्हणजे शंखाच्या बांगड्या आहेत. शंख काही तेरणेत मिळत नाही. म्हणजे इथून कापड गेलं आणि तिकडून समुद्राचा शंख आला. तेवढ्या एका कपाटापाशी पंधरा मिनिटं थांबा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तो वार टाळा.

मग त्रिविक्रम मंदिर. विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार. असं जुनं बांधकाम महाराष्ट्रात उभ्या अवस्थेत क्वचितच बघायला मिळतं. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असं सांगतात आणि ते खरं आहे. माझ्या मामांनी घंगाळात टाकून दाखवलेली वीट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. अर्धी बुडाली, हलली आणि तरंगत राहिली. तुम्ही मात्र देवळाच्या विटेला हात लावू देऊ नका.

आणि शेवटी गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, समाधी. सासूबाई तिथं बसतील, त्यांना उठवायची घाई करू नका. थापटण्यानं सगळ्या संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते बघितलं आणि नामदेव रुसले, ही गोष्ट आजीलाच सांगू द्या. आपण सांगितली तर माहिती होते, आजीनं सांगितली की गोष्ट होते.

दुसरा दिवस मिळाला तर नळदुर्ग. औसा, तुळजापूर करत दोन-सव्वादोन तास. किल्ला मोठा आहे, सगळा बघायच्या भरीस पडू नका. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल केला. पावसाळ्यात धरण भरलं की डोक्यावरून पाणी कोसळतं, नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आणि आत बसलेला माणूस कोरडा. डिसेंबरात धबधबा नसेल, तसं लेकरांना आधीच सांगून न्या, म्हणजे हिरमोड होत नाही. खिडकीत उभं राहून ते पाणी कुठून येत असेल, कसं वळवलं असेल, हे त्यांना विचारा. होली आयलंडला समुद्राची वेळ बघून जावं लागतं, नळदुर्गला पावसाची. आत उतरताना अंधार आहे, पायऱ्या गुळगुळीत आहेत, मोबाइलचा उजेड आणि चांगल्या पट्ट्यांची चप्पल हवी. सासऱ्यांना वर झाडाखाली बसवा, सोबत कोणीतरी थांबा.

एक कळकळीची विनंती. एका दिवसात एकच गाव करा. पाच वर्षांपूर्वी मी तुळजापूर, नळदुर्ग, धाराशिवची लेणी आणि परत येताना तेर असं एकाच दिवसात बसवलं. माझी आई तेव्हा पासष्टची. लेण्यांच्या पायऱ्यांवर ती मधेच खाली बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा, मी इथंच बरी." तेरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, संग्रहालय बंद, समाधीचं दर्शन बाहेरून. आईला गोरोबाकाकांपुढं बसायचं होतं, ते राहिलंच. पुढच्या वर्षी ती गेली. म्हणून सांगते.

जेवणाचं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही घरून घ्या. बायकांसाठी स्वच्छतागृहाचा प्रश्न आडवाटेला खरोखर आहे, त्यामुळे हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबूनच पुढं निघा.

आणि कालनिर्णय उघडून वेळ अमावस्या कधी आहे ते बघा. आमच्याकडे येळवस म्हणतात. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळं गणगोत शेतात जातं. कडब्याच्या खोपीत पाच दगड मांडून पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील. कोणाच्याही शेतावर जा, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. तुमच्या मुक्कामात ती आली तर तो दिवस दुसऱ्या कशाला देऊ नका.

मूळ धाराशिव, मुक्काम सनडरलंड

---

उत्तर: डिसेंबरात लातूर…

सप्रेम नमस्कार,

धाराशिवच्या ताईंनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही. समुद्र नाही कसं? आमच्या कंधारला आहे! राष्ट्रकूटांच्या काळातला मोठा तलाव, शिलालेखात त्याचं नाव 'जगत्तुंग समुद्र' असं येतं. आम्ही पोरं जगतुंग तळं म्हणायचो. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या माणसांनी तळ्याला समुद्र म्हटलं, यात मला त्यांची केवढी तरी आस दिसते.

अहमदपूरवरून अडीच तास लागतील. कंधारचा भुईकोट किल्ला खंदकानं वेढलेला आहे. खंदकात पाणी असेल तेव्हा किल्ला बेटासारखाच दिसतो, तुमच्या धाकट्याला हेच तर हवंय. चढ नाही, त्यामुळे आजोबांनाही आत फिरता येईल. कंधारला क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे सापडलेले आहेत. गावात चौकशी करून ते बघा आणि अख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज लेकरांना करू द्या. माझ्या वडिलांनी मला असाच करायला लावला होता. मी म्हटलं, ताडाएवढी. ते म्हणाले, मग ताड मोजून ये.

उदगीरही लातूरहून जवळ आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते तिथं, आणि वर्षभरात पानिपत. किल्ल्यात उदागीर महाराजांचा मठ आहे. मोठी मुलगी शाळेत इतिहास आवडीनं वाचत असेल तर जरूर न्या.

एक काका, मूळ कंधार, मुक्काम लीड्स

---

उत्तर: डिसेंबरात लातूर…

सगळे पैठण कसं विसरले? नाथसागराचा जलाशय अफाट आहे, पाण्यात लहान लहान उंचवटे बेटांसारखे वर आलेले असतात आणि हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. बेट आणि जुनं गाव दोन्ही एकाच ठिकाणी. शिवाय नाथांचा वाडा, नागघाट, पैठणीचे माग.

मूळ छत्रपती संभाजीनगर, मुक्काम एडिंबरा

---

उत्तर: डिसेंबरात लातूर…

दादा, पैठण विसरले नाही. पण लातूरहून ते एका दिवसाचं नाही, आजोबांना घेऊन तर नाहीच. संभाजीनगरला कोणाकडे दोन दिवस मुक्काम असेल तर पहिल्यांदा पैठणच करावं, वेरूळच्याही आधी, असं माझं मत आहे. वेरूळ शाळा दाखवते. पैठणला घरच्यांनी न्यावं लागतं.

काका, जगत्तुंग समुद्राचं मला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला मी जाते.

मूळ धाराशिव, मुक्काम सनडरलंड

---

उत्तर: डिसेंबरात लातूर… (जाऊन आलो)

नमस्कार मंडळी,

परवा परतलो. नळदुर्ग राहिलं, धाकट्याला ताप होता. कंधारही राहिलं, काका, क्षमस्व. पण तेर झालं आणि येळवसही झाली.

तेरला सासरे आणि सासूबाई दोघेही आले. लातूरला चाळीस वर्षं राहून सासूबाई तेरला पहिल्यांदाच गेल्या. कधी कोणी नेलंच नाही म्हणाल्या. मुरूड आलं तेव्हा धाकट्यानं काच खाली करून विचारलं, "जंजिरा कुठंय?" आजी म्हणाली, "पुढं आहे, चल."

संग्रहालयात मुलगी शंखाच्या बांगडीच्या कपाटापुढं उभी राहिली आणि काचेला मनगट लावून बघत बसली. बांगडी तिच्याच मापाची दिसत होती. तिनं विचारलं, "आई, ही माझ्याएवढ्या मुलीची होती का?" मला उत्तर देता आलं नाही. सासऱ्यांनी दिलं: "तुझ्याएवढीच असेल. तिनं समुद्र बघितला नसेल, बांगडीच बघितली असेल." नंतर नवरा पाटीवर लिहिलेलं मन लावून वाचत होता. त्याला मी कुठल्याही संग्रहालयात असं वाचताना पाहिलं नव्हतं. परतताना तो ड्रायव्हरला तगर, पेरिप्लस, भडोच सगळं सांगत होता.

समाधीपाशी सासूबाई तासभर बसल्या. आम्ही कोणी उठा म्हटलं नाही. मडक्यांची गोष्ट त्यांनी गाडीत सांगितली, आणि धाकट्यानं घरी पोचेपर्यंत भाकरीच्या उलथन्यानं सगळ्यांच्या डोक्यांची तपासणी करायचं ठरवून टाकलं. सासऱ्यांचं डोकं पक्कं निघालं, बाबाचं कच्चं.

येळवशीला सासऱ्यांच्या चुलतभावाच्या शेतात गेलो. मी रत्नागिरीची, आंबील पहिल्यांदा प्याले. दोन वाट्या झाल्यावर तिसरी मागितली तेव्हा चुलतसासूबाईंनी मडकंच माझ्यापुढं आणून ठेवलं. संध्याकाळी ज्वारीतून चालत येताना मुलगी म्हणाली, इथून चहूबाजूंनी पीकच दिसतं, मधे आपली खोप, म्हणजे हेसुद्धा बेटच.

धाराशिवच्या ताईंना: तुमच्या आईंसाठी सासूबाईंनी समाधीपुढं एक नारळ ठेवला. तुमचा मेल मी त्यांना वाचून दाखवला होता.

सासू-सासरे जूनमध्ये इकडे येताहेत. मंडळाच्या होली आयलंडच्या सहलीत दोन जागा त्यांच्यासाठी धरा. त्या दिवशीची भरतीची वेळ बघून मी कळवते.

मूळ रत्नागिरी, सासर लातूर, मुक्काम न्यूकॅसल