पहिली मोटार: कर्ज काढावे की थांबावे? कोल्हापूर परिसरातील अनुभव

धागाकर्ती
२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून, नुकतीच नोकरी लागलेल्या माझ्या परिचयातील अनेकांच्या घरी एकच विषय चालू आहे: आता गाडी घ्यायची का, आणि घ्यायची तर कर्जावर घ्यायची का. शोरूममध्ये या प्रश्नाचे उत्तर हप्त्याच्या आकड्यात मिळते, परंतु निर्णयाला तेवढे पुरत नाही असे मला मनापासून वाटते. म्हणून ज्यांनी तरुण वयात कर्ज काढून मोटार घेतली, किंवा विचार करून घेतली नाही, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा. उत्पन्न कसे येते, मुदत किती घेतली आणि हप्ता गेल्यावर हाती काय उरते, हे अवश्य सांगावे. कोणते मॉडेल चांगले, ही चर्चा कृपया येथे नको.

गोकुळ शिरगाव, फौंड्रीत नोकरी, वय २७
मला सहा लाखांचे कर्ज हवे होते. विक्री प्रतिनिधीने माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेत सात वर्षांचा हप्ता लिहिला, ९,६५३ रुपये, आणि त्याभोवती पेनाने गोल केला. तो माझ्या पगारात आरामात बसत होता. मी त्याच कागदावर पाच आणि तीन वर्षांचेही आकडे मागून घेतले. नऊ टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ रुपये होतो आणि तीन वर्षांचा सुमारे १९,०८०. व्याज मात्र तीन वर्षांत ८७ हजारांच्या आसपास, पाच वर्षांत १ लाख ४७ हजार आणि सात वर्षांत जवळजवळ २ लाख ११ हजार जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट घरी बसून हिशेब केल्यावर कळली. सात वर्षांची मुदत घेतली, तर तीन वर्षे एकही हप्ता न चुकवता भरूनही ३ लाख ८८ हजार मुद्दल शिल्लक राहते, आणि त्याच काळात गाडीची किंमत उतरत असते. नोकरी बदलून पुण्याला जावे लागले आणि गाडी विकायची वेळ आली, तर हे मुद्दल कोठून फेडणार, हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटला. मी पाच वर्षांची मुदत घेतली. हप्ता, पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विम्याचा मासिक वाटा मिळून पगाराचा पाव हिस्सा ओलांडायचा नाही, असे ठरवले होते. ते बसावे म्हणून वरचे मॉडेल सोडले आणि त्याचे मला जराही वाईट वाटत नाही. आणखी एक सांगतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीवर वैयक्तिक नोंदणीला ११ टक्के कर लागतो, त्यामुळे डाऊन पेमेंटचा विचार एक्स-शोरूम किमतीवर करू नये, ऑन-रोड किमतीवर करावा.

धागाकर्ती
मुदतीआधी कर्ज फेडण्याचा विचार केला आहे का?

गोकुळ शिरगाव, फौंड्रीत नोकरी
होय, आणि म्हणूनच सही करण्यापूर्वी ते कलम वाचले. माझे कर्ज स्थिर दराचे आहे आणि करारात मुदतपूर्व फेडीचे शुल्क लिहिलेले आहे. तरत्या, म्हणजे मधूनमधून बदलणाऱ्या दराचे कर्ज व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी घेतले असेल, तर त्यावर असे शुल्क लावता येत नाही, परंतु बरीच वाहनकर्जे स्थिर दराची असतात.

करवीर तालुका, शेती आणि दूध, वय २९
आमच्याकडे पगाराची तारीख नसते. तोडणीनंतर १४ दिवसांत उसाचे पैसे देण्याचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तरीही मुळात ते पैसे वर्षातून एकदाच येतात आणि त्यांवर सोसायटीचे पीककर्ज आधीच बसलेले असते. हप्ता मात्र दरमहा जातो. वडिलांचे म्हणणे होते की उसाच्या बिलावर मासिक हप्ता उचलू नये, आणि ते मला पटले. म्हणून उसाच्या पैशांतून डाऊन पेमेंट मोठे केले आणि हप्ता दुधाच्या दहा दिवसांच्या बिलांतून निघेल एवढाच ठेवला. एक म्हैस आटली तरी हप्ता निघतो का, हे आधी वहीत मांडून पाहिले होते.

राजारामपुरी, तासिका तत्त्वावर प्राध्यापिका, वय ३१
मी गाडी घेतलेली नाही. आमचे मानधन तासांवर असते, सुट्टीत ते मिळत नाही आणि बऱ्याचदा काही महिन्यांचे एकत्र जमा होते. बँकेने कर्ज मंजूर करण्याची तयारी दाखवली होती, कारण सहकर्जदार म्हणून वडिलांचे निवृत्तिवेतन होते. पण त्याचा अर्थ माझा हप्ता प्रत्यक्षात त्यांनी भरणे असाच झाला असता. त्याऐवजी मी होणाऱ्या हप्त्याएवढ्या रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडले. मे आणि जून महिन्यांत ती रक्कम भरताना ओढाताण झाली आणि मला माझे उत्तर मिळाले. कर्जाचा हप्ता असा चुकला असता, तर दंडही बसला असता आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, नोंदही झाली असती. सध्या केएमटी, म्हणजे शहर बस, आणि दुचाकीवर काम भागते. जमलेली रक्कम डाऊन पेमेंटला येईल, आणि कर्ज लागलेच तर लहान लागेल.

शिवाजी उद्यमनगर, स्वतःचे वर्कशॉप, वय २८
जुनी गाडी घेणाऱ्यांनी दर फ्लॅट आहे, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लागते, की घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर, हे पहिल्यांदा विचारावे. मला एका वित्त कंपनीने 'नऊच टक्के' सांगितले होते. सहा लाखांवर पाच वर्षांसाठी फ्लॅट नऊ टक्के म्हणजे व्याज २ लाख ७० हजार आणि हप्ता १४,५००. घटत्या शिलकीच्या हिशेबात हाच दर साडेपंधरा टक्क्यांच्या वर जातो. शेवटी वडिलांच्या मुदत ठेवीवर कर्ज घेतले. ठेवीच्या दरापेक्षा थोडे जास्त व्याज पडले, पण ठेव मोडावी लागली नाही.

शाहूपुरी, औषध विक्री प्रतिनिधी, वय ३१
ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझी कर्जावरची गाडी पार्किंगमध्येच डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी चावी फिरवून पाहण्याचा आग्रह केला. मी ती फिरवली नाही, कारण पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत नाकारले जाऊ शकते. गाडी पूर्ण नुकसानीत काढली गेली. विम्याची रक्कम प्रथम बँकेकडे जाते, कारण गाडीवर तिचा बोजा असतो, आणि ती रक्कम पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, हिशेबाने ठरते. माझे डाऊन पेमेंट चांगले असल्याने कर्ज फिटून थोडे पैसे हातात आले. माझ्याच इमारतीतील एकाने जवळजवळ सगळी रक्कम कर्जावर घेतली होती. त्याची गाडी गेली आणि तरीही हप्ते चालू राहिले. पंचगंगेचे पाणी जेथवर येते तेथे राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीसाठी) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास खरेदी बिलाच्या किमतीसाठी) या दोन जोडपॉलिसींचा खर्च हप्त्यातच धरावा. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले होते.

कसबा बावडा, नोकरदार, वय ३३
माझे कर्ज फिटले आहे, म्हणून शेवटच्या टप्प्याबद्दल लिहिते. शेवटचा हप्ता गेला तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) घ्यावा लागतो, आरटीओत नोंद कमी करून घ्यावी लागते आणि त्यानंतर विमा पॉलिसीवरचे बँकेचे नावही काढून घ्यावे लागते. एनओसीवर मुदत लिहिलेली असते, तेव्हा ती हाती येताच अर्ज करावा.