बेस गिटारचा नेक मागून घासून बारीक करणे आणि नवे पॉलिश: कोकणच्या दमट हवेत काय करावे?

चौथी तार (मालवण)

नमस्कार. माझ्याकडे जॅझ बेसच्या धर्तीची, 34 इंच स्केलची (म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी), चार तारांची एक जुनी गिटार आहे. नेक (दांडा) मेपलचा असून त्यावर रोझवूडचा फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची फळी) वेगळा चिकटवलेला आहे. नेकच्या पाठीवर काही गिटारींना असते तशी काळपट लाकडाची उभी पट्टी नाही. पाठीवर कारखान्यातला जाड, चकचकीत थर आहे. गणपतीत आणि पुढे जत्रांच्या हंगामात ऑर्केस्ट्राबरोबर उघड्या मंडपात वाजवताना, समुद्राकडून वारा सुटला की तळहात आणि अंगठा त्या थराला चिकटतात. पहिल्या फ्रेटकडून (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) सातव्याकडे सरकताना हात अडखळतो आणि सूर लागायला उशीर होतो.

दुसरी अडचण जाडीची आहे. व्हर्नियरने मोजल्यावर पहिल्या फ्रेटजवळ 22 मिमी आणि बाराव्याजवळ 24.5 मिमी जाडी भरली. नटपाशी (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) रुंदी 38 मिमी आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. पाठीकडून सगळीकडे 2 मिमी लाकूड काढून पहिल्या फ्रेटजवळची जाडी 20 मिमीवर आणावी आणि नंतर तेल किंवा पॉलिश लावावे, असा विचार आहे. इतके लाकूड काढणे सुरक्षित आहे का? आपल्या हवेत कोणते पॉलिश टिकेल? आणि पावसाळा तोंडावर असताना हे काम आता काढावे की थांबावे?

मतलई (रत्नागिरी)

आपण जाडी आधी मोजलीत हे उत्तम झाले, कारण बहुतेक जण थेट कानस हातात घेतात. तरीही 2 मिमीच्या आकड्यावर येण्याआधी ट्रस रॉड (तारांच्या ताणाने नेकला येणारा वाक आवरणारी आतली धातूची सळी) कुठे आणि कसा बसवला आहे हे कळणे आवश्यक आहे. पाठीवर पट्टी नाही याचा अर्थ रॉड फिंगरबोर्ड चिकटवण्याआधी पुढून बसवला आहे, एवढाच होतो. तो सरळ खाचेत आहे की वक्र खाचेत, हे त्यावरून ठरत नाही. जुन्या पद्धतीचा एकेरी रॉड वक्र खाचेत असतो आणि नेकच्या मध्यभागी तो पाठीच्या सर्वांत जवळ येतो. रॉडच्या टोकाचा फिरवायचा नट घट्ट केल्यावर तो सरळ होऊ पाहतो आणि मधला भाग तारांकडे ढकलतो. त्याचे काम चालते ते या वक्रतेमुळेच. अशा नेकमध्ये पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या टापूत पाठीला किती लाकूड उरले आहे, हे टोकाला मोजून समजत नाही. दुहेरी रॉड मात्र सरळ खाचेत बसतो, त्यामुळे एका टोकाला खाचेची खोली मोजता आली तर तीच खोली साधारण सगळीकडे धरता येते.

फरक ओळखण्यासाठी तारा सैल करून रॉडचा नट हलक्या हाताने उलट फिरवून पाहावा. एकेरी रॉडचा नट काही फेऱ्यांनंतर नुसता मोकळा फिरतो. दुहेरी रॉडमध्ये मधे थोडी ढिलाई लागते आणि त्यापुढे उलट दिशेलाही पुन्हा जोर लागू लागतो. जोर लागला की तिथेच थांबून नट मूळ जागी आणावा.

समजा रॉड दुहेरी निघाला. फिंगरबोर्ड सुमारे 6 मिमी आणि त्याखालची खाच सुमारे 10 मिमी धरली, तर 22 मिमीच्या नेकमध्ये पाठीला 6 मिमी लाकूड आहे आणि आपण 2 मिमी काढल्यावर 4 मिमी उरेल. रॉड उघडा पडणार नाही, हे खरे. पण लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 22 चे 20 केले की जाडी 9 टक्क्यांनी घटते, ताठपणा मात्र जवळजवळ 25 टक्क्यांनी. चार तारांच्या नेहमीच्या संचाचा एकत्रित ताण 80 किलोच्या आसपास असतो. तो ताण पेलणारा नेक एक चतुर्थांश लवचीक करून त्याला कोकणातला पावसाळा दाखवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

शिवाय हाताला जे जाड लागते ते बहुधा मधल्या कण्यामुळे नसते, बाजूच्या खांद्यांमुळे असते. कणा म्हणजे पाठीची मधली रेघ आणि खांदे म्हणजे कणा व फिंगरबोर्डची कड यांमधला फुगीर भाग. कण्याला जवळजवळ हात न लावता फक्त खांदे उतरवले, तर व्हर्नियरवरचा आकडा तोच राहतो आणि हाताला मात्र नेक बराच बारीक लागतो. मी कण्यावरून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढणार नाही. सुरुवात ‘जी’ (सर्वांत बारीक) तारेच्या बाजूच्या खांद्यापासून करावी, कारण बोटांची मुळे तिथे टेकतात. ‘ई’ (सर्वांत जाड) तारेकडची बाजू थोडी भरीव राहिली तर अंगठ्याला आधारच मिळतो.

रंधा आणि पटाशी (कुडाळ)

मी गिटार वाजवत नाही. लाकूडकाम माझा व्यवसाय आहे आणि आजवर काही वाद्यांच्या दांड्या हाताखालून गेल्या आहेत. वरचे खांद्यांचे म्हणणे मला पटते. हत्यारांबद्दल थोडे सांगतो.

मेपलवर रंधा चालवू नये. त्याच्या रेषा उलटसुलट असतील तर ढलप्या निघतात आणि खड्डा पडला की तो भरून येत नाही. अर्धगोल कानस लांब आणि तिरक्या हाताने चालवावी, म्हणजे एका जागी दाब पडत नाही. कानशीनंतर पोलादी पट्टीचा स्क्रेपर किंवा आपल्याकडचे जुने सुतार वापरतात ती काचेची फोड घ्यावी. कारखान्याचा जाड थर काढायलाही हाच उपाय चांगला आहे. त्या थरावर रसायन ओतून वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण कडक पॉलिस्टरवर बहुतेक रिमूव्हर निष्प्रभ ठरतात. हीट गनने तर फिंगरबोर्डचा सरसच सुटू शकतो. निघणारी भुकटी छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावावा आणि काम पडवीत करावे.

काम सुरू करण्यापूर्वी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटजवळ पाठीचा आकार जाड पुठ्ठ्यावर उतरवून साचे कापावेत. कण्यावर पेन्सिलीची रेघ मारावी आणि ती पुसली गेली की थांबावे. खांद्यावर आधी टोकापासून टोकापर्यंत एकच सपाट पैलू पाडावा, मग त्या पैलूच्या दोन्ही धारा मोडाव्यात, आणि गोलाई शेवटी घासकागदाने (सँडपेपरने) आणावी. सुरुवातीपासून गोल घासत गेले की नेकला लाटा पडतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, पण हाताला लगेच कळतात. कागद 120 पासून 180, 240 आणि 320 पर्यंत न्यावा. त्यानंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यावे. त्याने उभे राहिलेले तंतू 400 च्या कागदाने काढावेत.

पॉलिशसाठी माझे मत चपड्या लाखेला आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी लाखेच्या थरामुळेच झळकतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख पातळ हातांनी लावली तर लाकडात बाष्प शिरायला चांगलाच अडथळा होतो, आणि पुढे कधी ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. फक्त हे काम पावसात करू नये. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर पाणी धरते आणि पॉलिश पांढरे पडते. दिवाळीनंतर सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येऊ लागला की काम काढावे.

खाडीकाठ (वसई)

लाख बाष्प अडवते, हे मान्य. परंतु कपाटाचे दार आणि नेकची पाठ यांत फरक आहे. वादकाचा गरम, घामेजलेला तळहात तासन् तास तिथे घासला जातो आणि घामाने लाख मऊ पडते. मूळ तक्रार चिकटण्याची असताना लाख लावली, तर एका हंगामात आपण पुन्हा तिथेच येऊ. दाराला, पेटीला, हवे तर गिटारच्या बॉडीला लाख लावावी. नेकच्या पाठीला नको.

तेलाचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. नुसते जवसाचे किंवा टंग तेल हाताला सुरेख लागते, पण बाष्प फारसे अडवत नाही आणि आपल्याकडे सुकायला फार वेळ घेते. तेलात वार्निश मिसळलेली तयार मिश्रणे त्याहून बरी. ती फडक्याने पातळ लावून लगेच पुसून घ्यायची, दोन हातांमध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा, आणि सुकल्यावर 600 च्या कागदाने हलके घासून पुढचा हात द्यायचा. वापरलेली तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेटू शकते. ती दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

मला स्वतःला पुसून लावण्याचे मॅट पॉलियुरेथेन अधिक योग्य वाटते, कारण ते घाम सोसते. हार्डनर मिसळावा लागणारे दोन डब्यांचे पॉलियुरेथेन घरी फवारू नये. त्यातील आयसोसायनेट श्वसनाला घातक असते आणि साधा कापडी मास्क तिथे पुरत नाही.

पण एक विचारतो: थर काढायचाच कशासाठी? चिकटतो तो थर नव्हे, त्याचा गुळगुळीतपणा चिकटतो. घामेजलेली कातडी आणि गुळगुळीत पृष्ठभाग यांच्यामध्ये हवा राहत नाही. आहे तोच थर 800 च्या कागदाने फक्त उभ्या दिशेने घासून मॅट केला, तर लाकडाचे आवरण शाबूत राहते, एका संध्याकाळी काम होते, आणि पसंत पडले नाही तर पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी परत आणता येते. आधी एवढेच करावे आणि हा हंगाम वाजवून पाहावे. आकाराची तक्रार त्यानंतरही उरली तर कानस आहेच. या कामाला पोलादी लोकर मात्र वापरू नये. तिचे कण पिकअपच्या (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटतात, आणि कुठे अडकून राहिले तर खाऱ्या हवेत गंजून डाग पडतात.

चौथी तार (मालवण)

सर्वांचे आभार. नट उलट फिरवून पाहिला. मधल्या ढिलाईनंतर पुन्हा जोर लागतो, म्हणजे रॉड दुहेरी आहे. पाठ 800 च्या कागदाने मॅट केली आणि सरकताना होणारा त्रास बराच कमी झाला. मंडपात वाजवल्यावर खरे कळेल. जी तारेकडचा खांदा मात्र अजूनही हाताला टोचतो, त्यामुळे तेवढे काम दिवाळीनंतर करायचे ठरवले आहे. थर काढताना हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) आणि बॉडीच्या बाजूला कुठे थांबावे, आणि उघडे पडलेले लाकूड आपल्या हवेत कसे वागेल, हे कृपया सांगावे.

मतलई (रत्नागिरी)

बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकाला अजिबात हात लावू नये. तिथे एक कागदभर लाकूड गेले तरी नेकचा कोन बदलतो किंवा तो बाजूला हलू लागतो. नेक स्क्रूने बसवलेला असल्याने तो काढूनच काम करावे, आणि साधारण पंधराव्या फ्रेटपाशी चिकटपट्टी लावून तिथे थांबावे. हेडस्टॉककडे नटच्या अलीकडे दोन बोटे अंतर सोडावे. त्या वळणावर लाकूड मुळातच कमी असते आणि रॉडची खाचही तिथे जवळ येते. फिंगरबोर्डच्या कडेलगत सुमारे 3 मिमीची पट्टीही तशीच ठेवावी, नाहीतर फ्रेटची टोके हाताला लागू लागतात. रुंदी कमी करण्याचा मोह कोणाला झाला तर तो याच कारणाने टाळावा; रुंदी बदलली की फ्रेट, नट आणि तारांमधील अंतर सगळेच नव्याने करावे लागते. जुना थर आणि नवे पॉलिश यांच्या सीमेवर पायरी राहू नये म्हणून चिकटपट्टी काढल्यावर 600 च्या कागदाने दोन्ही बाजू एकमेकांत मिसळून घ्याव्यात.

ओलाव्याचे म्हणाल, तर वाद्यांचे लाकूड 6 ते 8 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून वापरतात. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ 65 टक्के राहिली तर उघडे लाकूड 12 टक्क्यांवर स्थिरावते, आणि 90 टक्के राहिली तर 20 टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी परिस्थिती असते. मेपल लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत आणि जाडीत फुगते. पाठीचे मेपल आणि पुढचे रोझवूड सारखे फुगत नसल्याने नेक वाकतो. म्हणून थर काढल्यापासून नवे पॉलिश पूर्ण लागेपर्यंत लाकूड शक्य तितके कमी दिवस उघडे ठेवावे. सर्व टप्पे सलग करावेत आणि रात्री नेक कपाटात, छोटा दिवा लावून, दिव्यापासून दूर ठेवावा. पॉलिशबाबत मी वसईकरांच्या मॅट पॉलियुरेथेनच्या बाजूने आहे. लाखेचा एक पातळ हात खाली देऊन त्यावर पॉलियुरेथेन लावता येते. फक्त त्या लाखेत मेण असू नये, नाहीतर वरचा थर धरत नाही.

पॉलिश पूर्ण कडक झाल्यावर नेक बसवून, पूर्वीच्याच जाडीच्या तारा लावून सुरात आणाव्यात आणि दोन-तीन दिवस तशाच राहू द्याव्यात. मग ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि सातवा-आठवा फ्रेट यांमध्ये फट मोजायची पातळ पट्टी घालून पाहावी. अंतर 0.3 ते 0.4 मिमी असेल तर रॉडला हात लावू नये. जास्त असेल तर एका वेळी पाव फेरी घट्ट करावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे.

रंधा आणि पटाशी (कुडाळ)

मेण नसलेली लाख हवी असेल तर ती घरी करता येते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बाटली काही दिवस न हलवता ठेवावी, मेण तळाशी बसते. वरचे नितळ द्रावण दुसऱ्या बाटलीत काढून घ्यावे. द्रावण ताजे असतानाच वापरावे. महिनोन्‌महिने ठेवलेली लाख नीट सुकत नाही, आणि नेकच्या पाठीवर तर तिचा हात देऊच नये.