इतवारीतील दुकानासाठी डीव्हीआर: जुने कॅमेरे ठेवून नवे यंत्र कोणते घ्यावे?

इतवारी_ठोक यांचा प्रश्न

नमस्कार. नागपूरच्या इतवारीत आमचे मसाल्याचे आणि सुक्या मिरचीचे ठोक दुकान असून त्याला लागूनच मागे लहानसे गोदाम आहे. दोन्हीकडे मिळून सहा ॲनालॉग कॅमेरे आहेत, सगळे दोन मेगापिक्सेलचे, आणि त्यांची आजवर काही तक्रार नाही. या उन्हाळ्यात डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारे यंत्र, मात्र बंद पडला. सुरू केला की आतून टक-टक असा आवाज येतो आणि पडद्यावर हार्ड डिस्क सापडत नसल्याची सूचना दिसते. दुरुस्ती करणाऱ्याच्या मते त्याचा बोर्डही गेलेला आहे.

नव्या यंत्रासाठी कोटेशन मागवली, तर प्रत्येकात वेगळेच लिहून आले. एकात ‘५ मेगापिक्सेल लाइट, ८ चॅनेल, १ टीबी हार्ड डिस्कसह’ असे आहे (८ चॅनेल म्हणजे आठ कॅमेऱ्यांची सोय) आणि किंमत सर्वांत कमी आहे. दुसऱ्यात ‘१०८०पी, ८ चॅनेल, हार्ड डिस्क वेगळी’ असे असून किंमत बरीच जास्त आहे. आकडा लहान आणि किंमत मोठी, हे मला उमगले नाही. तिसऱ्याचे म्हणणे असे की हे सगळे काढून टाकावे आणि आयपी कॅमेरे व एनव्हीआर बसवावा.

आमची गरज साधी आहे. गोण्यांचा हिशेब महिन्याकाठी जुळवला जातो आणि तूट असेल तर ती तेव्हाच कळते, म्हणून किमान तीस दिवसांचे रेकॉर्डिंग हवे. गल्ल्यावर कोणती नोट दिली-घेतली हे दिसावे, आणि घरून मोबाईलवर पाहता यावे. यंत्र निवडताना नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सक्करदरा_केबलवाला यांचे उत्तर

भाऊ, कॅमेरे चालू आहेत आणि भिंतीतली केबल शाबूत आहे, तर ती उखडण्याचे कारण मला दिसत नाही. ॲनालॉग कॅमेऱ्याचे चित्र कोएक्सियल केबलमधून येते आणि ते घेण्यासाठी डीव्हीआरच लागतो. एनव्हीआर हा नेटवर्कवरच्या आयपी कॅमेऱ्यांसाठी असतो आणि त्याच्या मागच्या बाजूला कोएक्सियल केबलच्या टोकाच्या बीएनसी पिना लावायची सोयच नसते. तिसऱ्या कोटेशनवाल्याने म्हणूनच सगळे बदलायला सांगितले आहे.

ॲनालॉगमध्येही एचडी-टीव्हीआय, एचडी-सीव्हीआय, एएचडी आणि अगदी जुना सीव्हीबीएस असे प्रकार आहेत. हल्ली एक्सव्हीआर किंवा हायब्रिड या नावाने मिळणारी बहुतेक यंत्रे हे चारही प्रकार आणि वर आयपी घेतात, तरीही माझा आग्रह असा की एक कॅमेरा काढून सोबत न्यावा, दुकानातच नव्या यंत्राला जोडून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.

आता ‘लाइट’चे कोडे. पूर्ण १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र. ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ लिहिलेले यंत्र त्याच कॅमेऱ्याचे चित्र ९६० गुणिले १०८० बिंदूंत साठवते, म्हणजे आडवे बिंदू निम्मे टाकून देते आणि दाखवताना चित्र ताणून पुन्हा रुंद करते. थेट चित्र पाहताना हे लक्षात येत नाही, कारण पडद्यावर येणारे चित्र पूर्ण असू शकते. फरक कळतो तो मागचे रेकॉर्डिंग काढून मोठे करून पाहिल्यावर, जेव्हा गाडीच्या नंबरातला ३ आणि ८ एकसारखा दिसू लागतो. ‘५ मेगापिक्सेल लाइट’ हाही तसाच कमी रुंदीचा प्रकार आहे, आणि आपले कॅमेरे मुळात दोनच मेगापिक्सेलचे असल्यामुळे त्या मोठ्या आकड्याचा आपल्याला उपयोग नाही.

म्हणून खोक्यावरचा ठळक आकडा सोडा आणि माहितीपत्रकात ‘रेकॉर्डिंग रिझोल्यूशन’ व ‘फ्रेम रेट’ या दोन ओळी शोधा. प्रत्येक चॅनेलला १०८०पी आणि सेकंदाला किमान १५ फ्रेम, तेही सर्व आठ चॅनेल एकाच वेळी चालू असताना, असे स्पष्ट लिहिलेले हवे. काही यंत्रांत पहिल्याच चॅनेलला पूर्ण वेग मिळतो आणि बाकीचे मागे राहतात. ही ओळ दाखवायला दुकानदार टाळाटाळ करीत असेल, तर तिथून उठावे.

जाता जाता एक: रात्री एखादा कॅमेरा लुकलुकत असेल किंवा त्याचे चित्र जात असेल तर त्याचा दोष डीव्हीआरवर टाकू नका. अंधारात कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त करंट ओढतो, आणि गोदामापर्यंतच्या लांब, बारीक तारेत १२ व्होल्टचे दहा-साडेदहाच उरतात. मल्टिमीटर लावून कॅमेऱ्याच्या टोकाशी व्होल्टेज मोजले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

बुटीबोरी_देखभाल यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी हार्ड डिस्कविषयी लिहितो, कारण तीस दिवस हीच आपली खरी अट आहे आणि १ टीबीच्या कोटेशनमध्ये ती कुठेच बसत नाही.

हिशेब सोपा आहे. चित्राचा प्रवाह सेकंदाला १ मेगाबिट असेल तर दिवसाला १०.८ जीबी जागा लागते. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला चित्र दाबून साठवण्याच्या एच.२६४ पद्धतीत साधारण ४ मेगाबिट द्यावे लागतात, एच.२६५ पद्धतीत तेवढ्याच दर्जाचे चित्र सुमारे निम्म्यात, म्हणजे २ मेगाबिटमध्ये बसते. एच.२६५ धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी आणि सहांचे सुमारे १३० जीबी होतात. १ टीबी आठवडाभरात भरते आणि त्यानंतर यंत्र जुन्यावर नवे लिहू लागते. ४ टीबीमध्ये तीस दिवस जेमतेम बसतात, तर एच.२६४ वर त्याच ४ टीबीचे पंधरा दिवस उरतात. पुढे उरलेली दोन चॅनेलही वापरात आली, तर एच.२६५ असूनही ४ टीबी तेवीस दिवसांवर येईल. त्यामुळे ६ टीबीचा विचार करावा आणि यंत्र एका डिस्कची कमाल किती क्षमता स्वीकारते, हे आधी पाहून घ्यावे.

हे आकडे सरासरीचे आहेत. रस्त्याकडे तोंड असलेला कॅमेरा जास्त जागा खातो, कारण चित्रात जितकी हालचाल अधिक तितके ते कमी दाबले जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक दारावरून जाते तेव्हाचे दोन तास आणि बंद गोदामाचे दोन तास यांची बरोबरी होणार नाही. गोदामात ‘मोशन’वर, म्हणजे हालचाल झाली तरच, रेकॉर्डिंग ठेवून जागा वाचवता येते, पण गल्ल्यावर मात्र अखंड रेकॉर्डिंगच ठेवावे.

डिस्क संगणकाची साधी घेऊ नये. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक यांसारख्या, निगराणीसाठीच बनवलेल्या डिस्क चोवीस तास लिहिण्याच्या हिशेबाने तयार केलेल्या असतात.

आणि यंत्र ठेवता कुठे, हे आपण लिहिलेले नाही. माळ्यावर, टिनाच्या पत्र्याखाली किंवा कुलपाच्या बंद कपाटात असेल, तर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आत काय होत असेल याची कल्पना करा. बाहेर ४५ अंश असताना कोंदट कपाटातील डिस्क सहज साठीच्या वर जाते आणि तिथून तिचे आयुष्य झपाट्याने घटते. इतवारीत त्यात मिरचीच्या धुळीची भर. पंख्याचे यंत्र ती धूळ आत ओढते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या फिनांवर लालसर थर बसतो, म्हणून आपल्याकडे बिनपंख्याचे, धातूच्या पेटीतले यंत्र बरे. ते जाळीदार पेटीत, भिंतीपासून चार बोटे सुटे आणि कूलरच्या ओल्या झोतापासून दूर बसवावे. सोबत लहान यूपीएस हवाच, कारण लिहिणे चालू असताना वीज गेली की डिस्कला धक्का बसतो.

हिंगणा_नेटवर्क यांचे उत्तर

मी थोडा विरोधी सूर लावतो. नवे बांधकाम असते तर मी निःसंकोच एनव्हीआर सुचवला असता: पीओई स्विच वापरला की एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, चार किंवा आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे लावता येतात आणि लाइटची भानगडही राहत नाही. आपल्या बाबतीत मात्र केबल आधीच टाकलेली असल्यामुळे हायब्रिड घ्यावा आणि गल्ल्यावर तेवढा एक चांगला आयपी कॅमेरा जोडावा. नोट ओळखायची असेल तर दोन मेगापिक्सेलचा, छताच्या कोपऱ्यातून अख्खे दुकान पाहणारा कॅमेरा पुरणार नाही, डीव्हीआर कितीही उत्तम असो. आयपी कॅमेरा जोडल्यावर ॲनालॉगचे एक चॅनेल कमी होते की वेगळे मिळते, हे यंत्रागणिक बदलते. तेवढे विचारून घ्यावे. केंद्र सरकारच्या एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनंतर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या नोंदणीसाठी सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आणि त्यांचा अंमल एप्रिल २०२५ पासून आहे. तेव्हा नवा कॅमेरा घेताना त्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळावा.

मोबाईलवर पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट यंत्रापर्यंत येण्याची वाट, उघडून देणारे अजूनही भेटतात. तसे करू देऊ नये. कंपनीच्या ॲपमध्ये क्यूआर कोड वाचून जोडणी होते, तेवढे पुरते. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली मिराई या व्हायरसने जगभरातील लाखो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिले होते म्हणून.

धंतोली_वकिली यांचे उत्तर

तांत्रिक बाजू वर आलीच आहे. मी घड्याळाविषयी लिहिते. चोरीच्या प्रकरणात रेकॉर्डिंग असते, चेहराही दिसतो, पण त्यावरील वेळ चुकीची असते आणि उलटतपासणीत तेवढेच पुरते. अनेक यंत्रांत वेळेचा विभाग जीएमटी अधिक ८ असा बाहेरच्या देशाचा ठेवलेला असतो. घड्याळ हाताने जुळवले तरी इंटरनेटवरून वेळ घेताच ते अडीच तास पुढे जाते. तो अधिक ५:३० करावा, ‘डीएसटी’ (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची परदेशी पद्धत) बंद ठेवावा आणि इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू करावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगची प्रत न्यायालयात देताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, नमूद करावे लागते. जुन्या पुरावा कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात पक्की केली. जालन्याच्या त्या निवडणूक वादात उमेदवारी अर्ज तीन वाजण्यापूर्वी दाखल झाला की नंतर, हाच मुद्दा होता आणि पुरावा होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचा. म्हणून यंत्र घेताना पेन ड्राइव्हवर एक क्लिप काढायला लावा आणि ती तारीख-वेळेसह साध्या संगणकावर उघडते का, ते पाहा. काही यंत्रे स्वतःच्याच स्वरूपात फाईल देतात. तसे असेल तर तिचा प्लेअरही सोबत मागून घ्यावा.

इतवारी_ठोक

सर्वांचे मनापासून आभार. पूर्ण १०८०पी चा, बिनपंख्याचा आठ चॅनेलचा हायब्रिड, ६ टीबीची निगराणीची डिस्क आणि गल्ल्यावर एक आयपी कॅमेरा, असे ठरवतो आहे. यंत्र खरोखरच माळ्यावर होते. ते आता खाली, गल्ल्यामागच्या भिंतीवर येईल. एकच विचारायचे राहिले: जुन्या डिस्कमध्ये मागच्या महिन्याचे रेकॉर्डिंग आहे आणि एका गाडीच्या मालाचा वाद त्यावर अडला आहे. ती डिस्क नव्या डीव्हीआरमध्ये लावली तर दिसेल का?

बुटीबोरी_देखभाल

कृपया लावू नका. नवे यंत्र परकी डिस्क बहुधा ओळखत नाही आणि ‘इनिशियलाइझ करायची का’ असे विचारते. त्याला हो म्हटले की आतली मांडणी पुसली जाते. शिवाय आपण लिहिलेला टक-टक आवाज डिस्कच्या आतील हेडचा असतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणेही थांबवावे. ती काढून कोरड्या डबीत ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. ती कोणत्या डीव्हीआरमधली आहे हे त्याला लागेल, म्हणून जुन्या यंत्राच्या तळावरील लेबलचा फोटो सोबत द्यावा आणि यंत्र भंगारात घालू नये.